यंदा पाच गुंठे रोटरपासून वाचवा

तासगाव, पलूस, खानापूर, कवठेमहांकाळ, शिराळा आणि पलीकडे पाटण-जावळीपर्यंतच्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

मे महिना संपत आला. वळवाचा एखादा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून ट्रॅक्टरसाठी नंबर लागतात. आधी नांगरट, मग फणपाळी, मग एकदा रोटर, आणि ढेकळं राहिली म्हणून परत रोटर. येत्या पंधरा दिवसांत आपल्या भागातली बहुतेक जिराईत आणि बागाईत रानं उलथीपालथी होतील. एकदा ती झाली की पुढच्या वर्षापर्यंत या विनंतीला अर्थ उरत नाही, म्हणून आजच सांगतो.

प्रत्येक खातेदाराने आपल्या रानातले निदान पाच गुंठे यंदा नांगर आणि रोटर यांच्यापासून वाचवावेत. जिथे नांगरट होऊन गेली आहे तिथे शेवटची मशागत म्हणून गादीवाफे पाडावेत आणि त्यानंतर ते मोडू नयेत. जिथे अजून औत लागलेलं नाही तिथे मागच्या पिकाच्या धसकटांमध्येच टोकण करावी. तासगाव-खानापूर-पलूसकडे मका आणि त्यामागे हरभरा, शिराळा-पाटणकडे भात आणि त्यामागे मका किंवा कडधान्य. पिकं बदलत राहतील, जमीन मात्र हलणार नाही. मागणी एवढीच आहे.

ती का करतो आहे, हे कुणी शास्त्रज्ञाने सांगण्याआधी तुम्ही स्वतः पाहू शकता. घरातले काचेचे दोन ग्लास घ्या आणि पाण्याने भरा. रोटर मारलेल्या रानातलं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ आणा. तेवढंच दुसरं बांधावरून आणा, जिथे वर्षानुवर्षं गवत आहे आणि औत लागलेलं नाही. माती दोन्हीकडची एकच, अंतर दोन पावलांचं. दोन्ही ढेकळं अलगद पाण्यात सोडा आणि दहा मिनिटं बघत बसा. रानातल्या ढेकळाच्या कडा आधी सुटतात, मग पोटातून भुगा होतो, आणि चहा होईपर्यंत ग्लासाच्या तळाशी गाळ साचलेला असतो. बांधावरच्या ढेकळातून बुडबुडे निघतात, पण ते बऱ्यापैकी जसंच्या तसं राहतं. पाणी गढूळ होऊन तासन्‌तास निवळलंच नाही, तर ती आणखी वेगळी खूण आहे. माती चोपण व्हायला लागली असण्याची शक्यता असते, आणि मग जिप्समचा विचार माती तपासून करावा लागतो. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात हे अनेकांना दिसेल.

बांधावरची माती तग धरते, कारण तिला बांधून ठेवणारी जिवांची एक मोठी वसाहत तिच्या पोटात आहे. गवताची केसासारखी मुळं, त्या मुळांतून झिरपणारा चिकट रस, बुरशीचे डोळ्यांना न दिसणारे धागे आणि गांडुळांची विष्ठा यांनी मातीचे कण एकमेकांना धरून ठेवलेले असतात. रोटरची पाती फिरली की ते धागे तुटतात. त्याच वेळी मातीत एकदम हवा शिरते आणि जिवाणू उरलासुरला सेंद्रिय कर्ब झपाट्याने संपवतात. नांगरटीनंतर पहिल्या पिकाला जो जोर दिसतो तो बराचसा याच जळत्या कर्बातून सुटलेल्या नत्राचा असतो. आपण मुद्दल मोडून खातो आणि त्याला उत्पन्न म्हणतो. आपल्याकडच्या बहुतेक मातीपरीक्षणांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आगेमागे किंवा त्याहून खाली येतो. 2015 साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली तेव्हापासून ही पत्रिका पुष्कळांच्या घरात आहे. ट्रंकेतून काढून तो एक आकडा तेवढा वाचा.

आता या भुसभुशीत केलेल्या रानावर मृगाचा पहिला जोरकस सडाका पडतो. भुगा झालेली माती पाण्याने विरघळते, वरच्या छिद्रांत बसते, आणि ऊन पडलं की तिचा पापुद्रा धरतो. मग पुढचं पाणी मुरत नाही, वाहतं. तासगावात जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातलाही बराचसा मोजक्या दिवसांत. त्यातलं पाणी बांध फोडून ओढ्याला, ओढ्यातून येरळेला आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला जाऊन मिळत असेल, तर त्यासोबत वरची सुपीक माती जाते. टेंभू, ताकारी, म्हैसाळचं पाणी वीज जाळून, टप्प्याटप्प्याने उचलून आपण शिवारात आणतो, त्याची पट्टी भरतो, आणि आभाळातून फुकट पडलेलं पाणी आपल्याच रानातून हाकलून देतो.

दुसरी खूण फावडं घेऊन बघायची आहे. मक्याचं किंवा ज्वारीचं धसकट मुळासकट खणून काढा. रोटर जिथपर्यंत जातो, साधारण टीचभर खोल, तिथे बहुतेक ठिकाणी टणक थर लागतो. पात्यांच्या घासण्याने आणि ट्रॅक्टरच्या वजनाने तो तयार होतो. मुळं सरळ खाली जाऊन त्या थरावर येतात आणि आडवी वळतात. पावसाने बारा-पंधरा दिवस दडी मारली की शेजारच्या दोन रानांपैकी एकातला मका दुपारी माना टाकतो आणि दुसऱ्यातला उभा राहतो, त्याचं उत्तर पुष्कळदा या टीचभर खोलीवर असतं.

तासगावच्या काळ्या रानाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. नांगरल्याशिवाय काळी जमीन आवळून जाईल, ही भीती जुनी आहे. पण उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती वाळून त्या भेगांत पडते, पाऊस आला की खालची माती फुगून वर येते. वर्षानुवर्षं ही उलाढाल आपोआप चालू असते. या जमिनीला निसर्गाने स्वतःची नांगरट स्वतः करण्याचा गुण दिला आहे. मुळं आणि धसकटं आत कुजली तर त्यांच्या वाटांनी हवा-पाणी जायला आणखी मार्ग मिळतात. मुरमाड आणि हलक्या रानात हे होत नाही हे खरं, पण तिथे नांगराने होणारं धुपीचं नुकसानही सगळ्यात जास्त आहे.

आता भात आणि मका यांच्याबद्दल. ही दोन पिकं एका रानात पाठोपाठ घेणं सोपं दिसतं, पण त्यांच्या मागण्या उलट्या आहेत. लावणीच्या भाताला चिखल हवा. चिखलणी करताना आपण मुद्दाम मातीची रचना मोडतो, म्हणजे पाणी खाली जाऊ नये. मक्याला अगदी उलट, मोकळी, हवेशीर, निचऱ्याची जमीन लागते. दोन दिवस मुळाशी पाणी साचलं तरी कोवळा मका पिवळा पडतो. मग भात निघाला की चिखलाची वाळलेली ढेकळं फोडायला पुन्हा नांगर, पुन्हा रोटर, डिझेल, आणि वाफसा यायची वाट बघता बघता रब्बीचा पेरा लांबतो. एका पिकासाठी मोडायचं, दुसऱ्यासाठी जोडायचं आणि परत पुढच्या जूनमध्ये मोडायचं. ही फेरपालट अशाने टिकणार नाही.

याला उत्तर शोधलेलं आहे, आणि तेही आपल्याच राज्यात. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात नेरळजवळ सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राईस तंत्र बसवलं. त्यात सुरुवातीला एकदाच मशागत करून कायमचे गादीवाफे पाडायचे असतात, एका वाफ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 136 सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेचार फूट. माथा एक मीटरचा. लोखंडी फर्म्याने त्यावर 25 बाय 25 सेंटिमीटरवर भोकं पाडायची आणि भाताचं बी थेट टोकायचं. रोपवाटिका नाही, राब भाजणं नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर बुडखे आणि मुळं जागच्या जागी ठेवायची, उपटायची नाहीत. त्याच वाफ्यावर, त्याच फर्म्याने, वाफसा असतानाच रब्बीचं पीक टोकायचं, मग ते वाल असो, हरभरा असो, मूग असो की मका. वाफे मोडायचे नाहीत. पुढच्या जूनला परत भात.

या मापात मका बसतो का, हे कागदावर मांडून पाहा. एका वाफ्यावर मक्याच्या दोन ओळी घेतल्या तर ओळीमागे सरासरी 68 सेंटिमीटर जागा येते. मक्यासाठी आपण 60 ते 75 सेंटिमीटर धरतोच. ओळीत वीस-वीस सेंटिमीटरवर एक बी पडलं तर एकरी जवळपास तीस हजार रोपं बसतात. म्हणजे भाताचा वाफा मक्याला तसाच चालतो, फक्त फर्म्याची भोकं आपल्या सोयीने वापरायची. वाफ्यावर पाणी साचत नाही, सरीतून निघून जातं, आणि ओलावा मात्र धसकटांखाली टिकतो. भाताच्या खाचरात पाणी उभं राहिलं नाही की हवेत जाणारा मिथेन वायूही कमी होतो, हा आणखी एक लाभ.

शिराळ्याच्या शेतकऱ्यांना मला वेगळं सांगायचं आहे. तुमच्याकडे धूळवाफेवर भात पेरायची रीत आहे. रोहिणीच्या आगेमागे कोरड्या रानात कुरीने बी पेरून तुम्ही पावसाची वाट बघता. चिखलणीशिवाय भात येतो हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. त्या धूळवाफेसाठी पाळ्यांवर पाळ्या घालून जी धूळ केली जाते तेवढीच आता वाचवायची आहे. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे राब भाजण्यासाठी डोंगरातला पाला आणि फांद्या तोडल्या जातात. टोकणीच्या भाताला राब लागत नाही. डोंगराचा पाला डोंगरावर राहील, खाली ओढ्याला उन्हाळ्यातही थोडं पाणी राहील.

आपल्या कृष्णेच्या दुसऱ्या टोकाकडेही बघा. आंध्रात समुद्राला मिळण्याआधी कृष्णा जो त्रिभुज प्रदेश करते, त्या गुंटूर-कृष्णा जिल्ह्यांत भातामागे उडीद घेण्याची जुनी पद्धत होती. उडदावर केवडा आला, तण वाढलं, पीक परवडेना. तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी भात कापल्यावर रान न नांगरता, धसकटांमध्येच मका टोकायला सुरुवात केली. आज विनामशागत मका ही तिथली मोठी, सरावाची पद्धत आहे. जपानमध्ये मासानोबू फुकुओका यांनी भात आणि बार्ली यांची फेरपालट नांगराविना अनेक दशकं केली आणि प्रत्येक पिकाचं काड त्याच रानाला परत दिलं. शेजारी कोल्हापूरला प्रताप चिपळूणकर वर्षानुवर्षं भात आणि ऊस विनानांगरणी करत आले आहेत आणि त्यावर मराठीत सातत्याने लिहीत आले आहेत. वरून आणून टाकलेल्या खतापेक्षा पिकाचे जमिनीखालचे अवशेष जागीच कुजू देणं हे त्यांच्या सांगण्याचं सार आहे. कोल्हापूर तासगावहून काही फार लांब नाही.

राज्य सरकारच्या पोकरा या कृषी प्रकल्पातून मराठवाडा-विदर्भातल्या गावांमध्ये शून्य मशागतीचा प्रसार झाला, मका आणि कापूसदेखील गादीवाफ्यांवर घेतले गेले. पाच हजारांहून अधिक गावं त्या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात होती. सांगली जिल्हा त्यात नव्हता. म्हणून आपल्याला कुणी बोलावायला येईल याची वाट बघण्यात अर्थ नाही.

जे अवघड आहे तेही स्पष्ट सांगतो, कारण अर्धवट माहितीवर कुणी पाच गुंठेदेखील लावू नयेत.

पहिली अडचण तणाची. नांगर थांबवला की पहिली दोन-तीन वर्षं तण उठतं. सगुणा तंत्रात तणनाशकाचा वापर आहे, आणि कापणीनंतर बुडखे फुटू नयेत म्हणून ग्लायफोसेट मारण्याची पद्धत पडली. पण ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घातले आणि ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच मारता येईल असं ठरवलं. कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ज्या मातीतले जीव वाचवण्यासाठी हा खटाटोप आहे त्यावर दर हंगामाला रसायन ओतत राहणं मला मान्य नाही. माझा कौल असा की पाच गुंठ्यांत भांगलण हाताने होते, ती करावी. तण उपटू नये, जमिनीसरशी कापून वाफ्यावरच पसरावं. मक्याच्या ओळींत चवळी घ्यावी, ती जमीन झाकते. रान झाकलेलं राहिलं की तिसऱ्या वर्षापासून तण उतरणीला लागतं, कारण खोल गाडलेलं बी वर आणणारा नांगरच नसतो. मोठ्या क्षेत्रावर जाताना तणनाशकाचा निर्णय ज्याचा त्याने कृषी अधिकाऱ्यांना विचारून, कायदा बघून घ्यावा.

दुसरी अडचण वैरणीची, आणि तासगावात हीच सगळ्यात मोठी. मक्याचं ताट आपल्याकडे म्हशीच्या दावणीला जातं, मुरघासाच्या खड्ड्यात जातं. ते रानात पसरा असं सांगणारा माणूस गोठ्यात कधी गेलेला नाही असंच लोक म्हणतील, आणि बरोबर म्हणतील. पण मुळासकट उपटण्याची किंवा जमिनीला टेकवून कापण्याची गरज नाही. वितभर, जमलं तर फूटभर धसकट उभं ठेवा. तो भाग जनावर तसंही चघळून टाकतं. मुळं तर सगळी रानाचीच. शिराळ्याकडे भाताची पिंजर विकली जाते, तिथेही बुडखे ठेवता येतात. आणि ऊसवाल्यांनी पाचट पेटवणं यंदा तरी थांबवावं. शेजारच्या मकावाल्याला आच्छादन हवं आहे आणि तुम्ही ते काडी लावून संपवता, हे एका गावात चालू राहणं बरं नाही.

तिसरी गोष्ट अन्नद्रव्यांची. भात आणि मका दोन्ही तृणधान्यं, दोन्ही खादाड. शिफारशीप्रमाणे भाताला हेक्टरी 100 किलो आणि मक्याला 120 किलो नत्र धरलं तर वर्षाला 220 किलो होतं. एकराच्या हिशेबाने युरियाच्या सव्वाचार गोण्या. नांगर थांबवून फक्त भात-मका, भात-मका करत राहिलात तरी जमीन खंगणारच, थोडी सावकाश एवढंच. म्हणून या दोघांच्या मध्ये कडधान्य आलंच पाहिजे. एका वर्षी भातामागे मका, तर दुसऱ्या वर्षी भातामागे हरभरा किंवा वाल. तासगावकडे खरीप मक्यामागे हरभरा, आणि पुढच्या खरिपात मक्याऐवजी सोयाबीन किंवा उडीद. मक्याची वाळलेली धसकटं कुजताना सुरुवातीला मातीतलं नत्र ओढून घेतात, त्यामुळे विनामशागत रानातलं पहिलं पीक फिकट दिसू शकतं. घाबरून रोटर मारू नका. खताचा पहिला हप्ता बियाजवळ, भोकात किंवा ओळीत द्या, वरून फेकू नका.

चौथी गोष्ट लष्करी अळीची. 2018 साली ती आपल्या सांगली-सोलापूर पट्ट्यात आली आणि तेव्हापासून मक्याच्या पोंग्यात बसली आहे. तिचा कोष मातीत असतो, म्हणून उन्हाळी खोल नांगरट करा असा सल्ला दिला जातो, आणि तो सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. पण या अळीचे पतंग रातोरात मैलोन्‌मैल उडून येतात. आपण एकट्याने नांगरून शेजारच्या तालुक्यातला पतंग थांबत नाही. झिंबाब्वेमध्ये लहान शेतकऱ्यांच्या मक्यावर झालेल्या अभ्यासात कमी मशागत आणि वेळच्या वेळी भांगलण असलेल्या शेतांत अळीचं नुकसान कमी दिसलं. मुंग्या, कोळी, भुंगेरे अशा अळीखाऊ जिवांना न मोडलेली जमीन मानवते. तरीही मक्यावर मका घेऊ नये, उगवणीनंतर आठवड्यातून दोनदा पोंगे बघावेत, कामगंध सापळे लावावेत. नांगर थांबवला म्हणजे राखण थांबवली असं होत नाही.

आणि एक गोष्ट तासगावसाठी म्हणून. भात-मका चांगला म्हणून उचललेल्या पाण्यावर आपल्याकडे भाताची खाचरं करू नका. भात पश्चिमेचं पीक आहे, पाऊस तिकडे पडतो. बळवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर श्रमदानाने बळीराजा धरण बांधलं, तेव्हा पाणी सगळ्यांना समान मिळावं हा त्यांचा आग्रह होता. आपल्या खोऱ्यातली ही शिकवण आहे. पूर्वेकडे मका, ज्वारी, हरभरा, तूर. पश्चिमेकडे भात, मका, वाल. दोन्हीकडे एकच सूत्र, वाफे मोडायचे नाहीत.

एवढी घाई का, असं विचाराल. मक्याची मागणी वाढते आहे. कुक्कुटखाद्याला तो लागतोच, त्यात 2023 च्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली आणि डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. भाव बरा दिसला की आणखी रानं मक्याखाली जातील, उतारावरची, माळावरचीसुद्धा. ती सगळी रोटर मारून, उघडी ठेवून मक्याखाली गेली तर जी माती आज ओढ्याला जाते तिच्या कितीतरी पट उद्या जाईल. पिकाचा विस्तार होण्याआधी पद्धत बदलली तरच उपयोग. 2019 आणि 2021 च्या महापुरांत कृष्णेचं पाणी कोणत्या रंगाचं होतं हे नदीकाठच्या प्रत्येकाने पाहिलं आहे. तो रंग कुणाच्या तरी रानाचा होता.

आता कामाचं बोलू. लोखंडी फर्मा गावातला वेल्डिंगवाला किंवा लोहार एका दिवसात करून देतो. एक फर्मा चार-पाच घरांनी पैऱ्याने वापरावा. टोकण दोन माणसांचं काम आहे, एकाने भोकं पाडायची, दुसऱ्याने बी आणि खत टाकून बुजवायचं. महिला बचत गटांना माझी खास विनंती आहे. लावणीत वाकून, गुडघाभर चिखलात पाय कुजवणाऱ्या तुम्ही आहात, भांगलणीतही तुम्हीच आहात. ही पद्धत कुणाच्या अंगावरचं काम उतरवते आणि कुणाच्या अंगावर चढवते हे तुमच्याइतकं कुणाला कळणार नाही. म्हणून गटाने मिळून एक तुकडा करावा आणि मजुरीचा हिशेब स्वतःच्या वहीत ठेवावा.

कृषी सहायकांनी प्रत्येक गावात रोटर मारलेलं आणि न मारलेलं अशी शेजारी-शेजारी दोन रानं नोंदवावीत. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने कृष्णाकाठच्या जमिनींवर काम केलं आहे. त्या केंद्राने काळ्या रानातल्या कायम गादीवाफ्यांची चाचणी हाती घ्यावी, अशी जाहीर मागणी ग्रामसभांनी ठराव करून पाठवावी. अवजार बँकांमध्ये रोटरसोबत विनामशागत पेरणीयंत्रही असलं पाहिजे. साखर कारखान्यांनी पाचट न जाळणाऱ्यांना तोडीत अग्रक्रम द्यावा. हे सगळं सरकार आणि संस्थांनी करावं, पण ते होईपर्यंत आपण थांबायचं नाही. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेतल्या वेलीतून तास-ए-गणेश हे द्राक्षवाण निवडलं, तेव्हा कुठल्या आदेशाची वाट पाहिली नव्हती. तासगावचा शेतकरी स्वतःच्या डोळ्यांनी बघून, स्वतःच्या रानात करून शिकतो, म्हणूनच हे आवाहन कुठल्या कार्यालयाला उद्देशून नाही, तुम्हाला उद्देशून आहे.

वहीत फार काही लिहायचं नाही. ट्रॅक्टरला दिलेले पैसे, बी-खत, मजुरीचे दिवस, पाण्याच्या पाळ्या, निघालेलं धान्य आणि वैरण. रोटर मारलेल्या आणि न मारलेल्या दोन्ही तुकड्यांचं वेगवेगळं. पहिल्या वर्षी उतारा थोडा कमी येऊ शकतो, तोही तसाच लिहायचा. दिवाळीनंतर मका निघाला की तोच काचेच्या ग्लासाचा प्रयोग परत करायचा, आणि फावड्याने पाहून एका हातभर चौकोनात गांडुळं किती दिसतात ते मोजायचं. वह्या घेऊन ग्रामपंचायतीत बसायचं. ज्याचं बिघडलं त्याने आधी बोलायचं, म्हणजे दुसऱ्याचं बिघडणार नाही.

रोहिणी लागली, मृगाला फार दिवस नाहीत. ज्यांनी ट्रॅक्टर आधीच सांगून ठेवला आहे त्यांनी आज संध्याकाळी चालकाला फोन करावा, बांधाकडेचे पाच गुंठे दाखवावेत आणि तेवढी जागा सोडून बाकीचं मारायला सांगावं. चार कोपऱ्यांवर खुंट्या रोवून ठेवा, नाहीतर पहाटे येऊन तो सवयीने सगळंच फिरवून जाईल.